गावकुसाखालचा अभंग

पंढरपूरहून पंचवीसेक किलोमीटरवर असलेले मंगळवेढे संतांचे गाव म्हणून ओळखले जाते. परंतु त्याआधी ते धान्याचे आणि खजिन्याचे गाव आहे. ओल धरून ठेवणारी काळी जमीन आणि रब्बीची मालदांडी ज्वारी यांच्या बळावर ते उभे राहिले. बाराव्या शतकात कलचुरींची राजधानी येथे होती. बसवेश्वरांनी आयुष्याचा आरंभीचा काळ येथेच, राजा बिज्जलाच्या कोषागारात हिशेबनीस म्हणून काढला, असे परंपरा सांगते. पुढे बहामनी काळात दामाजीपंत येथील सरकारी कोठाराचे अधिकारी होते आणि दुष्काळात त्यांनी ती कोठारे भुकेलेल्यांसाठी उघडली. या दोघांच्या मधल्या काळात, १३३८ साली, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्यावर राबणारी माणसे ढिगाऱ्याखाली गाडली गेली. त्या माणसांत चोखोबा होते.

पुढची कथा वारकऱ्यांच्या घरात लहान मूलही सांगू शकेल. नामदेव मंगळवेढ्याला आले. ढिगारा उपसला, तेव्हा हाती आली ती हाडेच, आणि कोणते हाड कोणाचे हे ओळखण्याचा मार्ग उरला नव्हता. नामदेव एकेक हाड कानाशी नेऊ लागले. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची, असे ठरले. ती पंढरपुरास नेऊन महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधण्यात आली.

कथेतला चमत्कार बाजूला ठेवला, तरी तिच्यातील सामाजिक सत्य उरतेच. ज्या तटाच्या आत राहण्याचा महारांना अधिकार नव्हता, तोच तट बांधण्यासाठी त्यांना वेठीला धरले गेले होते. त्या वेठीत मेलेल्यांपैकी एकाची हाडे ओळखता आली, कारण त्याच्यापाशी गाणे होते. उरलेल्यांचे काय झाले, हे कोणत्याही चरित्रकाराने सांगितलेले नाही. त्यांची नावे नाहीत, त्यांची संख्याही नाही. सहाशे ऐंशीहून अधिक वर्षे महाराष्ट्र चोखोबांच्या हाडांची आठवण भक्तिभावाने काढतो, आणि त्याच ढिगाऱ्यातील इतर हाडांविषयी एक प्रश्नही विचारत नाही.

शोषितांची कला ही जखमेवरचे औषध आहे, प्रतिकाराचे हत्यार आहे आणि मुक्तीचे साधन आहे, असे अलीकडे सभासंमेलनांतून वरचेवर म्हटले जाते. आदिवासींची चित्रे, भटक्यांची गाणी, दलितांची शाहिरी, या सर्वांविषयी हे तिन्ही शब्द एका दमात उच्चारण्याची प्रथाच पडली आहे. त्यात भाव चांगला असतो. विचार मात्र घाईचा असतो. औषध, हत्यार आणि मुक्ती ही तीन निराळी कामे आहेत. एकाच गाण्याने तिन्ही व्हावीत असा नियम नाही. पहिले काम झाले म्हणून दुसरे आपोआप होत नाही, आणि दुसऱ्यातून तिसरे निपजण्यासाठी गाण्याच्या बाहेरचे बरेच काही घडावे लागते. मंगळवेढ्याचा गावकूस हे समजून घेण्यास उत्तम ठिकाण आहे.

आधी औषधाचा विचार करू. चोखोबांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांच्या पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा या सर्वांचे अभंग उपलब्ध आहेत. गावाबाहेर राहणाऱ्या, मेलेली जनावरे ओढणाऱ्या एका कुटुंबातील पाच माणसे चौदाव्या शतकात आपल्या जगण्याविषयी प्रथमपुरुषी बोलतात, ही घटना मराठीत अपूर्व आहे. अभंग हा छंद त्यांच्या उपयोगाचा होता याचे एक कारण आर्थिकही आहे. या कलेला भांडवल लागत नाही. टाळ मिळाला तर उत्तम, न मिळाला तर हाताची टाळी पुरते. चरण आखूड, यमक जवळ, धृपद पुन्हा पुन्हा येणारे. त्यामुळे ज्याला अक्षर येत नाही त्याच्याही तोंडी ते बसते, आणि एकाने म्हटलेले दहा जण उचलतात. चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले असे सांगतात; म्हणजे शाई आणि कागद दुसऱ्याचे होते, पण रचना आणि आवाज त्यांचा स्वतःचा होता. एकाचे दुःख दहा जणांनी उचलून धरले की त्याचा भार हलका होतो. हे औषध खरे आहे. केवळ भ्रम म्हणून ते उडवून लावणाऱ्यांनी माणसाच्या मनाचा अभ्यास केलेला नाही.

त्यात प्रतिकारही आहे. ‘जोहार’ हा महाराने पाटील-कुलकर्ण्यांना घालावयाचा वंदनाचा शब्द. चोखोबांनी तो देवाला घातला. वरवर पाहता ही दीनता आहे. पण जोहार देवाला घातला की धनी देव होतो आणि पाटलाचे धनीपण तेवढ्यापुरते रद्द होते. (दोन शतकांनंतर एकनाथांनी महाराच्या तोंडी असेच जोहार घातले आणि गावकारभारावर बोचरी टीका करून घेतली. जातीने वर असलेल्या कवीला खालच्याचा आवाज उसना घ्यावासा वाटला, यावरून त्या आवाजाला केवढी धार आली होती हे दिसते.) सोयराबाई विटाळाच्या कल्पनेलाच हात घालतात. विटाळ देहाचा असेल तर विटाळावाचून जन्मलेला देह कोणता, असा त्यांचा युक्तिवाद आहे, आणि तर्कशास्त्राच्या कोणत्याही कसोटीला तो उतरेल. कर्ममेळा तर देवाशी भांडतोच. हीन जन्म देऊन उष्ट्यावर जगायला लावलेस, यात तुझी थोरवी कोणती, असा त्याचा रोख आहे. एका घरातल्या दोन पिढ्यांत विनवणीचा सूर हिशेब मागण्याच्या सुरात बदललेला दिसतो.

असे असूनही चोखोबा ज्या तटाखाली मेले, तो तट अभंगाने हलला नाही. उलट, आपल्या या जन्माचे कारण मागील जन्मीच्या दोषात शोधणारे अभंगही त्यांच्याच नावावर आहेत. ज्या समाजव्यवस्थेने जखम केली तिनेच त्या जखमेचे स्पष्टीकरणही पुरवले होते, आणि दुखावलेल्या माणसाने ते काही वेळा स्वीकारले. यात चोखोबांना दोष देण्याचे कारण नाही. चौदाव्या शतकात त्यांच्यापुढे दुसरे कोणते स्पष्टीकरण उपलब्ध होते? संघटना नव्हती, कायदा नव्हता, गाव सोडून जावे तर पोट भरण्याची दुसरी सोय नव्हती. बलुतेदारीत महाराचे श्रम गावाच्या मालकीचे होते आणि त्यांचा मोबदला कोणी, किती, केव्हा द्यावा हे गावाच्या मर्जीवर होते. अशा ठिकाणी गाणे हा एकच प्रदेश असा उरतो की जेथे वेठ चालत नाही.

अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली आपले आत्मवृत्त प्रसिद्ध केले. गुलाम गातात म्हणजे ते सुखी आहेत, असे गोऱ्या मालकांचे म्हणणे असे. डग्लस यांनी ते खोडून काढले. गुलाम सर्वांत जास्त गातो तेव्हा तो सर्वांत जास्त दुःखी असतो आणि अश्रूंनी मनाला जेवढे बरे वाटते तेवढेच त्या गाण्याने वाटते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. स्वतः ती गाणी म्हटलेला माणूस हे सांगतो आहे. त्याने गाण्याची किंमत कमी केलेली नाही, पण गाण्यावर न पेलणारा भारही टाकलेला नाही. डग्लस सुटले ते पळून जाऊन. आणि त्यांच्यामागे राहिलेले लाखो लोक सुटले ते यादवी युद्धानंतर.

फ्रांझ फॅनन या मनोविकारतज्ज्ञाने १९६१ साली, अल्जेरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या ऐन धामधुमीत, याहून कडक निदान केले. वसाहतीतील माणसाच्या स्नायूंत साठलेला संताप रात्रीच्या सामूहिक नृत्यात आणि अंगात येण्यात निचरून जातो, सकाळी तो पुन्हा शांतपणे कामावर हजर होतो, आणि लढा उभा राहू लागला की या विधींची ओढ कमी होते, असे त्याचे निरीक्षण होते. सोलापूरच्या ग्रामीण भागात आसुडाचे फटके स्वतःच्याच अंगावर ओढणारा पोतराज ज्याने पाहिला आहे, त्याला फॅननचे म्हणणे समजावून सांगावे लागत नाही. तरीही तो थोडा घाईने निकाल देतो असे म्हणावे लागते. निचरा होताना काही गाळ मागे राहतो. जोहार, विटाळाविषयीचा प्रश्न, कर्ममेळ्याचे भांडण हा तो गाळ आहे, आणि सहा शतकांनी त्यात पीक आले.

जात्यावरच्या ओवीचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण औषध म्हणून ओवीइतकी सार्वत्रिक दुसरी कला महाराष्ट्रात नसेल. पहाटेच्या अंधारात दळताना बाई जे बोलली ते ती दिवसा कोणापुढेही बोलू शकत नव्हती. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासर, माहेर, विठ्ठल यांच्याबरोबर बाबासाहेब आंबेडकरांवरच्याही ओव्या आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या दलित स्त्रियांनी आपला इतिहास जात्याच्या खुंट्याला धरून रचला, हे त्यातून कळते. पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली आणि ओवी मागे पडली. यावर हळहळणारे विद्वान बरेच भेटतात. त्या हळहळीत एक गफलत आहे. रोज पहाटे पायलीभर धान्य दळण्याचे कष्ट संपले, ही त्या बाईची सुटका होती. तिच्या गाण्यासाठी तिला पुन्हा जात्यावर बसवावे, असे कोणी उघड म्हणत नाही. पण लोककलेच्या संवर्धनाची पुष्कळशी भाषा ऐकली की तिचा रोख तोच आहे की काय अशी शंका येते.

लोककलेच्या गौरवात जे सांगितले जात नाही ते हे की यातील कितीतरी कला हीच वेठ होती. गावच्या जत्रेत, लग्नात, मयतीत हलगी वाजवणे हे महार-मांगांच्या वाट्याला आलेले जातीचे काम होते. ती वाजवण्याचे कौशल्य अस्सल होते, हलगीच्या ठेक्यावर अंगात वीज संचारते हेही खरे. परंतु वाजवणाऱ्याला नाही म्हणण्याची मुभा नव्हती. वासुदेव, गोंधळी, बहुरूपी यांची कला दारोदार हात पसरण्याशी जखडलेली होती. म्हणून १९५६ च्या धर्मांतराच्या आगेमागे महार समाजातील असंख्य लोकांनी मेलेले जनावर ओढणे सोडले, तशी गावकीची वाजंत्रीही सोडली. एका पिढीने आपल्या हातातील कला खाली ठेवली. सांस्कृतिक वारशाच्या नोंदवहीत हा तोटा म्हणून लिहिला जाईल. त्या माणसांच्या दृष्टीने ती आयुष्यातील पहिली मोठी नकाराची कृती होती. कला नाकारणे हीसुद्धा मुक्तीची पायरी असू शकते, हे मान्य केल्याखेरीज या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

आणि त्याच लोकांनी दुसऱ्या हाताने कला उचललीही. सत्यशोधकांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत तमाशाचा साचा घेतला, ढोलकी आणि वग ठेवला, आणि त्यात शृंगाराच्या जागी भटजी, सावकार आणि शिक्षण हे विषय भरले. तेथून आंबेडकरी जलसा निघाला. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी १९३० च्या दशकात गावोगाव जलसे करीत फिरले. ज्या वस्तीत वर्तमानपत्र पोहोचत नव्हते, पोहोचले तर वाचणारा नव्हता, तेथे पाणी, मंदिर, वतन आणि शाळा हे प्रश्न जलशाने नेले. वामनदादा कर्डकांना तर अक्षरओळख मुंबईत आल्यावर, वाढत्या वयात झाली. आणि १९२२ ते २००४ या आयुष्यात त्यांनी हजारोंच्या संख्येने गीते रचली. चोखोबांच्या अभंगात आणि जलशाच्या गाण्यात फरक आहे तो पत्त्याचा. अभंग देवाला उद्देशून आहे. जलशाचे गाणे समोर बसलेल्या माणसांना उद्देशून आहे, आणि ते संपल्यावर उद्या सकाळी काय करायचे हे त्यांना सांगते.

या बदलाचे आर्थिक मूळ वतनात आहे. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्देदार कायद्याने महार वतनाला कायद्याची चौकट दिली. थोडीशी इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून धान्याच्या रूपाने येणारे बलुते यांच्या बदल्यात साऱ्या वतनदार कुटुंबांचे श्रम सरकार आणि गाव यांना बांधले गेले. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा झाला १९५८ साली, आणि तो अमलात आला १९५९ मध्ये. त्याच सुमारास, म्हणजे १९२० च्या दशकाच्या अखेरीस, त्र्यंबक येथे चोखोबांचे मंदिर बांधावे असा प्रस्ताव पुढे आला होता. आंबेडकरांचा कौल त्याच्या विरुद्ध पडला. अस्पृश्यता नष्ट करण्यासाठी झटणे हेच चोखोबांचे खरे स्मारक, असा तेथील निर्णयाचा मथितार्थ होता. मंदिर नाकारणाऱ्या याच माणसाने १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. चोखोबांना शरणागत म्हणून मोडीत काढणाऱ्या काही उत्साही कार्यकर्त्यांनी आणि चोखोबांच्या समाधीवर हार घालून मोकळे होणाऱ्या पुढाऱ्यांनी या दोन कृती शेजारी ठेवून पाहाव्यात.

समाजवादी चळवळीच्या वाट्याला यातील एक प्रकरण आलेले आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले. तोपर्यंत अस्पृश्य वारकऱ्याची वारी महाद्वारासमोर, चोखोबांच्या समाधीपाशी संपत असे. उपोषणापूर्वी गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले आणि त्या दौऱ्यात सेवा दलाच्या कलापथकाने त्यांना साथ दिली. गाण्यांनी गावे जागी झाली, हा अनुभव त्या पिढीने अभिमानाने सांगितला आणि तो अभिमान यथार्थ होता. मात्र मंदिर खुले झाले १९४७ मध्ये आणि वतन संपले १९५९ मध्ये. ज्या माणसाला आता देवाच्या पायावर डोके ठेवता येत होते, तो आणखी बारा वर्षे गावचा वतनी चाकरच होता. मन हेलावणारे गाणे मंदिराच्या दारापर्यंत पोहोचले. सातबाऱ्यापर्यंत पोहोचायला कायदा, मोर्चा आणि विधिमंडळ लागले. वतन गेल्यावरही ती जमीन पूर्वीच्या वतनदाराला कब्जेहक्काची रक्कम भरूनच परत मिळणार होती, हेही विसरता कामा नये.

चळवळींनी आपल्या गायकांना कसे वागवले, हा या प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग आहे, आणि पक्षकार्यकर्त्यांनी तो टाळणे बरे नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे अमर शेख, वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी १९४० च्या दशकात लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने भरली ती पुष्कळदा या शाहिरांच्या आवाजाने. १९६९ साली अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही सव्वा महिन्याच्या अंतराने गेले. अण्णाभाऊंच्या आयुष्याची कितीतरी वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत गेली, आणि दारिद्र्याने त्यांची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही. त्यांच्या शब्दांवर उभ्या राहिलेल्या कित्येकांना पुढे सभागृहे मिळाली.

डाव्या पक्षांत, समाजवाद्यांतही, शाहिराचे स्थान बव्हंशी एकच राहिले आहे: वक्ता येईपर्यंत सभा धरून ठेवणारा माणूस. वक्ता आला की ढोलकी थांबते. धोरण ठरवणाऱ्या बैठकीत शाहिराला बोलावणे येत नाही. आले तर समारोपाच्या गाण्यासाठी येते. गावच्या पाटलाने हलगीवाल्याला जेथे उभे केले होते, त्याहून ही जागा फार दूर आहे असे म्हणवत नाही.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. आयुष्यभर लाल निशाणाखाली गायलेल्या या माणसाने मरताना कपाळाला निळी पट्टी बांधली होती. ज्या सांस्कृतिक संघटनेसाठी त्यांनी गाणी केली, तिने त्यांना आधीच दूर केलेले होते. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाचा आरंभबिंदू हाच मृत्यू आहे. शोषितांची कला जखम भरून काढते असे म्हणताना या शाहिराचे स्मरण ठेवावे लागेल. शेकडो लोकांना धीर देणारे गाणे ज्याच्या गळ्यात होते, त्याला एकट्याला ते पुरले नाही. ऐकणाऱ्याची जखम गाण्याने भरत असेल. गाणाऱ्याच्या जखमेकडे पाहायला माणसे लागतात, आणि ती माणसे पुरवण्याचे काम संघटनेचे असते.

आज सरकारला लोककलेचे वावडे राहिलेले नाही. महोत्सव होतात, वृद्ध कलावंतांना मानधन मिळते, पर्यटनाच्या पुस्तिकांत पोतराज आणि वासुदेव रंगीत छापले जातात. मानधन मिळावे, वेळेवर मिळावे आणि त्यासाठी शिफारशीचे उंबरे झिजवावे लागू नयेत, ही मागणी पक्षाने अवश्य लावून धरावी. पण सरकारी मंडपात तीच हलगी वाजते जी कोणाला उद्देशून नाही. रस्त्यावर, जातीय अत्याचाराच्या ठिकाणी किंवा जमिनीच्या तंट्यात तीच हलगी वाजली की पोलीस पुढे येतात. शासन कलेला भीत नाही, कलेच्या पत्त्याला भीते. हे सत्यशोधक जलशाच्या काळापासून दिसत आले आहे.

मंगळवेढ्यात चोखोबांचे भव्य स्मारक व्हावे अशी मागणी होत आली आहे. तिला विरोध करण्याचे कारण नाही. त्र्यंबकचा निर्णय १९२० च्या दशकातला होता. आज वतन नाही, आणि इतिहासातील एका कष्टकऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत कोरले जाणे हे गावच्या पोरांना चांगलेच आहे. प्रश्न उरतो तो त्या स्मारकाच्या भिंतीचा. ती कोणीतरी बांधणार. दुष्काळी गावांतून आलेली, नाहीतर दुसऱ्या राज्यातून ठेकेदाराने आणलेली माणसे तिच्या पायाशी पालात राहतील.

२९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत पावसाने कोसळली आणि तिला टेकून असलेल्या मजुरांच्या झोपड्यांतील पंधरा जण झोपेतच मेले. बहुतेक बिहारमधून शेजारच्या बांधकामावर आलेले होते. भिंतीच्या आतली घरे सुरक्षित राहिली. भिंतीबाहेर राहणारे आणि भिंतीखाली मरणारे यांचा हा हिशेब १३३८ पासून फारसा बदललेला नाही, फक्त वेठीच्या जागी ठेका आला आहे. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली केंद्रीय कायदा झाला, उपकर गोळा होतो, राज्यात कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला मिळाला की मजुराची नोंदणी होते. तो दाखला ठेकेदार देत नाही, आणि नोंदणी नसलेला मजूर मेला तर मंडळाच्या दप्तरात तो कधी जगलेलाच नसतो.

म्हणून मंगळवेढ्यातील कार्यकर्त्यांनी स्मारक समितीत जागा मागावी आणि तेथे दोन साध्या गोष्टी लावून धराव्यात. बांधकाम सुरू होण्यापूर्वी त्यावरील प्रत्येक स्त्री-पुरुषाची मंडळाकडे नोंदणी व्हावी आणि हजेरीपट कामाच्या जागी, सर्वांना दिसेल असा, टांगलेला असावा. आणि भूमिपूजनाला पाहुणे बोलावण्याऐवजी तालुक्यातील हलगीवाले, भजनी मंडळे आणि जलसेवाले यांना रोख मोबदला ठरवून बोलवावे. त्यांनी काय गायचे हे त्यांचे त्यांनी ठरवावे. सोयराबाई आणि कर्ममेळा यांचे अभंग आजही मोठ्या फडांवर क्वचितच ऐकू येतात. संध्याकाळी काम सुटल्यावर, मजुरांच्या पालांपाशी, ते म्हणायला हरकत नसावी. हजेरीपट वाचून दाखवण्याची वेळही तीच ठेवता येईल.